रुळांकाठचे मळे आणि आमचे सोवळे

'गटाराची भाजी' हा शब्दप्रयोग मुंबईतील सुशिक्षित घरांत इतका रुळला आहे की, तो एकदा उच्चारला म्हणजे पुढे विचार करण्याचे कोणास कारणच उरत नाही. कुर्ल्याहून ठाण्याकडे जाणाऱ्या मध्य रेल्वेच्या रुळांकाठी, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी या स्थानकांच्या आगेमागे, पालक, लाल माठ, मुळा, भेंडी, अळू यांचे जे हिरवे वाफे कित्येक दशके प्रवाशांच्या दृष्टीस पडत आले, त्यांच्याविषयी आपल्या वर्गाचे सारे मत या दोन शब्दांत सामावलेले आहे. ही भाजी खाऊ नये, ती कोणास विकू देऊ नये आणि ते मळे एकदाचे उखडून टाकावेत, अशी मागणी वाचकांच्या पत्रांतून, सोसायट्यांच्या सभांतून आणि दिवाणखान्यांतील गप्पांतून वारंवार ऐकू येते. हे मळे पूर्वीच्या मानाने आता पुष्कळ आक्रसले आहेत. तथापि मागणीचा आवेश कमी झालेला नाही. तिच्यामागील आरोग्याची चिंता खरी आहे, हे आम्ही प्रारंभीच मान्य करतो. परंतु त्या चिंतेतून जो निष्कर्ष काढला जातो तो आम्हांस चुकीचा, अन्यायाचा आणि, स्पष्टच बोलावयाचे तर, ढोंगाचा वाटतो. तसे का वाटते, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

हे मळे आले कोठून, ते प्रथम पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाच्या सुमारास, सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम चालविली. युद्ध संपले, राज्य बदलले, पण ते नाव टिकले; आणि पुढे रेल्वेने त्याच नावाखाली रुळांलगतच्या रिकाम्या पट्ट्या आपल्या खालच्या श्रेणींतील नोकरांस मुदतीच्या परवान्याने लागवडीसाठी देण्याची पद्धत पाडली. तीत परोपकारापेक्षा व्यवहार अधिक होता. मुंबईत मोकळी जमीन फार दिवस मोकळी राहत नाही. तिच्यावर अतिक्रमण होण्यापेक्षा मेथी उगवलेली बरी, असा तो हिशेब होता. परवाना रेल्वेच्या नोकराच्या नावाचा असे. प्रत्यक्ष वाफे बांधणारा, खुरपणारा आणि पहाटे जुड्या वळणारा माणूस बहुधा उत्तर प्रदेश-बिहारकडून पोटासाठी आलेला मजूर असे. त्याच्या वाट्यास नळाचे पाणी येण्याचा संभवच नव्हता. जवळून वाहत होता तो नाला. त्याने नाल्याचे पाणी उपसले आणि त्यावर जे उगवले ते टोपलीत भरून बाजारात नेले. अण्णा भाऊ साठे जेथे राहिले त्या चिरागनगरासारख्या वस्त्यांतील बायांनी ते घेतले. कारण ते ताजे होते आणि परवडणारे होते. या साऱ्या व्यवहारात कोणी कोणास फसविले नाही. शहराने जे पाणी टाकून दिले त्यातून एका गरिबाने दुसऱ्या गरिबाच्या ताटात हिरवी भाजी पोहोचविली, एवढेच घडले.

आता प्रश्न असा की, त्या नाल्यातून वाहत होते ते कोणाचे? ते त्या मजुराचे नव्हते. घाटकोपरच्या टेकडीपासून खाडीपर्यंत जी लक्षावधी माणसे राहतात, त्यांच्या मोऱ्यांचे आणि संडासांचे पाणी त्यात होते. लहानमोठ्या कारखान्यांनी गुपचूप सोडलेली रसायने त्यात होती. रस्त्यांवरील तेल आणि काजळी पहिल्या पावसात धुऊन त्यातच येत होती. म्हणजे 'गटाराची भाजी' या शब्दातील गटार आपले आणि भाजी त्याची. आपण मात्र नाक मुरडतो ते भाजीकडे पाहून, गटाराकडे पाहून नव्हे. ज्याने घाण केली तो शुद्ध आणि ज्याने त्या घाणीत राबून काही उगवले तो अशुद्ध, हा न्याय आपल्या समाजास नवा नाही. सोवळ्याचे जुने शास्त्र याच पायावर उभे होते. त्यावर आरोग्यशास्त्राचे उपरणे पांघरले म्हणजे ते आधुनिक होते, असे आम्हांस वाटत नाही.

तरीही आरोग्याचा मुद्दा टाळून चालणार नाही. सांडपाण्यावरील भाजीत दोन प्रकारचे दोष संभवतात आणि ते निरनिराळे आहेत, हे आपल्याकडील वादात कोणी ध्यानातच घेत नाही. पहिला दोष जंतूंचा. घरगुती सांडपाण्यात रोगजंतू आणि जंतांची अंडी असतात; ती पानांस चिकटतात. परंतु हा दोष निवारता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली सांडपाण्याच्या शेतीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांस द्यावयाच्या पाण्यासाठी १०० मिलिलिटरमागे १००० मलजंतूंची मर्यादा घातली होती. २००६ साली तिने ही तत्त्वे सुधारली आणि एकाच कडक अटीऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी धोका कमी करण्याचा मार्ग सांगितला: पाण्यावर प्रक्रिया करावी, पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी द्यावे, काढणीपूर्वी काही दिवस पाणी तोडावे, बाजारात आणि घरी भाजी स्वच्छ धुवावी, शिजवून खावी. थोडक्यात, ज्या संघटनेच्या नावाने आपण एरवी शपथा घेतो तिने सांडपाण्याची शेती बंद करा असे म्हटलेले नाही. ती नीट करा, असे म्हटले आहे.

दुसरा दोष अधिक वाईट; तो शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंचा. ते मुळांवाटे झाडात शिरतात, पालेभाज्यांत विशेष साठतात, आणि कितीही धुतले व कितीही शिजविले तरी जात नाहीत. ज्या मातीत वा पाण्यात हे धातू मर्यादेबाहेर आहेत तेथे पालक पिकवू नये, हे आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो. परंतु हे धातू माणसाच्या पोटातून येत नाहीत. ते मुख्यतः मुलामा देणाऱ्या, रंगविणाऱ्या, विजेरीचे घट बनविणाऱ्या व फोडणाऱ्या धंद्यांतून येतात. त्यांस नाल्यात सोडणे हा कायद्याने गुन्हा आहे. मग बंद काय करावयाचे, गुन्हा की वाफा? वाफा बंद करणे सोपे आहे, कारण वाफ्यावर उकिडवा बसलेला माणूस दुबळा आहे. गुन्हा बंद करणे कठीण आहे, कारण गुन्हेगाराच्या ओळखी आहेत. आपल्या सोवळ्याच्या मागणीने नेमका सोपा मार्ग निवडला आहे.

बरे, वाफे उखडल्याने ते विष कोठे जाते? ते जागच्या जागीच राहते. नाल्यावाटे ठाण्याच्या खाडीत उतरते. ही खाडी २०२२ साली रामसर पाणथळ म्हणून जगाच्या यादीत नोंदली गेली, तिच्यावर येणारे रोहित पक्षी पाहावयास आपण दुर्बिणी घेऊन जातो, आणि तिच्यातील बोय व निवटी कोळ्यांच्या जाळ्यांतून कोणाच्या तरी कालवणात जातात. जे विष पालकात नको ते निवटीत चालेल काय? शिवाय वाशीच्या घाऊक बाजारातून जी भाजी आपण निर्धास्तपणे घेतो, ती कोणत्या पाण्यावर पोसली आहे याची चौकशी आपण कधी केली आहे काय? पुण्याजवळ मुंढव्याला मुळा-मुठेचे पाणी उपसून, शुद्ध केलेले म्हणून, कालव्याने हवेली आणि दौंडच्या शेतांस दिले जाते. त्याच्या शुद्धतेविषयी तेथील शेतकऱ्यांच्या तक्रारी जुन्या आहेत. त्या शेतांतील भाजी मालमोटारीत भरून रात्री घाट उतरते आणि सकाळी आपल्या दारी येते. तिलाही गटाराची भाजी म्हणावयास हवे; पण ते गटार लोकलच्या खिडकीतून दिसत नाही, म्हणून ती शुद्ध! जे दिसते त्याचाच विटाळ मानावयाचा आणि जे दिसत नाही ते पवित्र समजावयाचे, याला विवेक म्हणत नाहीत.

येथे आपल्या भाषेने जपलेल्या एका शब्दाची आठवण देणे अवश्य आहे. मनुष्याच्या मळापासून होणाऱ्या खतास मराठीत 'सोनखत' म्हणतात. ज्या लोकांनी हा शब्द घडविला त्यांस मळाची घाण कळत नव्हती असे नाही. परंतु जमिनीतून जे घेतले ते जमिनीस परत दिल्यावाचून पुढचे पीक येत नाही, हेही त्यांस कळत होते. पुण्यासारख्या नगरपालिका एके काळी सोनखत तयार करून शेतकऱ्यांस विकीत आणि त्यावर ऊस पिके. त्या काळाचे गुणगान करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. ते सोने ज्या माणसांच्या डोक्यांवरून वाहिले जाई त्यांच्या वाट्यास माणुसकीही आली नाही. आणि ती अमानुष प्रथा मोडण्यासाठी १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले, ही आपल्या संस्कृतीच्या कपाळावरील खूण आहे. आम्हांस म्हणावयाचे आहे ते इतकेच की, माणसास त्या कामातून सोडविणे आणि खतास मातीकडे पोहोचविणे या दोन्ही गोष्टी यंत्राच्या युगात एकाच वेळी साध्य आहेत. आपण पहिली गोष्ट पुरती केलेली नाही आणि दुसरी अजिबात सोडून दिली आहे.

आता पाण्याचा हिशेब पाहू, म्हणजे आमचे म्हणणे केवळ भावनेचे नाही हे कळून येईल. घाटकोपरला सांडपाणी-प्रक्रियेचे केंद्र आहे. तेथे उभारावयाच्या नव्या केंद्राची नियोजित क्षमता रोज ३३७ दशलक्ष लिटर आहे. भाजीपाल्यास कडक उन्हाळ्यातही दिवसाकाठी सुमारे ५ मिलिमीटर पाणी पुरते. म्हणजे एकरास रोज सुमारे २० हजार लिटर. या हिशेबाने केवळ १ दशलक्ष लिटर पाण्यावर ५० एकर भाजी पिकेल. तीनशे सदतीस भागांतील एक भाग! उरलेले तीनशे छत्तीस भाग खाडीस द्या, बागांस द्या, कारखान्यांस द्या. आमचे काही म्हणणे नाही. घाटकोपरात भाजीस स्वच्छ पाणी नाही, हे विधान ज्या दिवशी ते केंद्र पूर्ण क्षमतेने चालेल त्या दिवसापासून खोटे ठरेल. मग प्रश्न उरेल तो एका नळाचा आणि तो जोडण्याच्या इच्छेचा.

खताचा हिशेबही असाच आहे. घाटकोपरच्या दक्षिणेस देवनारचा कचऱ्याचा डोंगर आहे, जेथे १९२७ पासून मुंबई आपला कचरा टाकीत आली. उत्तरेस, विक्रोळीपलीकडे, कांजुरमार्गची कचराभूमी आहे. २०१६ च्या जानेवारीत देवनारला आग लागली तेव्हा त्या धुराने सारे पूर्व उपनगर कोंडले होते. त्या धुरात जळत होते त्यातील पुष्कळसे कालपरवापर्यंत कोणाच्या तरी स्वयंपाकघरातील देठे, साली आणि उरलेला भात होते. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला व सुका कचरा निराळा करण्याचे बंधन घातले, आणि २०१७ साली महापालिकेने मोठ्या वसाहतींस आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरविण्याचा हुकूम दिला. त्यावर आपल्या वर्गाने केवढा आकांत केला, हे वाचकांस आठवत असेल. आमचा ढोबळ अदमास असा: एका घरातून दिवसाकाठी किलोभर ओला कचरा निघतो. दोनशे घरांचा दोनशे किलो. तो नीट कुजविला तर त्याचा सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे पन्नास किलो खत मिळते. वर्षाचे झाले अठरा टन. वीस गुंठ्यांच्या मळ्यास वर्षभर ते पुरून उरेल. आणि वीस गुंठ्यांतून, रस्ते व बांध वजा जाता, सरासरीने दिवसाला पंचवीस-तीस किलो भाजी निघण्यास हरकत नसावी. म्हणजे ज्या दोनशे घरांनी कचरा दिला त्या प्रत्येक घरास आठवड्यास तीन-चार जुड्या परत मिळतील. पावसाळ्यात पालेभाजी सडते हे आम्ही जाणतो. त्या चार महिन्यांत मांडवावर दोडका आणि काकडी, वाफ्यात भेंडी आणि बांधावर अळू, हा क्रम कोकणातील कोणतीही आजी सांगू शकेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेलाच आहे: मुंबईत वीस गुंठे जमिनीची किंमत काय, आणि तीत तुम्ही लाल माठ लावणार? या आक्षेपास आम्ही उलट विचारतो की, शिवाजी पार्कवर जमिनीच्या किमतीएवढे उत्पन्न कोण देते? ग्रंथालय किती भाडे देते? शाळेचे पटांगण, स्मशान, देवालयाचे आवार यांची किंमत बाजारभावाने कोणी करीत नाही. कारण नगर म्हणजे केवळ भाड्याने द्यावयाच्या चौरस फुटांची बेरीज नव्हे, असे आपण अजून तरी मानतो. मग ज्यावर जीव जगतो त्या अन्नाची चार वाफ्यांची जागा तेवढी व्यापाराच्या तराजूत का घालावयाची? आणि सार्वजनिक जमिनीचा 'योग्य' उपयोग म्हणजे काय, याचा एक नमुना घाटकोपरने पाहिलेला आहे. १३ मे २०२४ रोजी छेडानगरजवळ, लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जमिनीवर उभारलेला जाहिरातीचा प्रचंड फलक वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा माणसे मेली. महापालिकेच्या मर्यादेप्रमाणे असा फलक ४० फूट लांब व ४० फूट रुंद असावयाचा. तो होता १२० फूट लांब आणि १२० फूट रुंद. म्हणजे मर्यादेच्या नऊपट क्षेत्राचा फलक भर रस्त्याकडेला सर्वांच्या डोळ्यांदेखत उभा राहू शकतो, पण रुळाकाठचा मुळ्याचा वाफा मात्र सार्वजनिक धोका ठरतो! मुळ्याच्या वाफ्याखाली सापडून कोणी मेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. कोणी म्हणतील, अशा चार मळ्यांनी घाटकोपरचे पोट भरेल काय? भरणार नाही. महापालिकेच्या ज्या विभागात घाटकोपर मोडते त्याची लोकसंख्या २०११ च्या गणनेत सहा लाखांवर होती. तेवढ्या तोंडांना नुसती पालेभाजी पुरवावयाची तर शेकडो एकर जमीन लागेल, आणि ती येथे नाही. नाशिक आणि पुण्याकडील शेतकऱ्यावाचून मुंबई एक दिवसही जगणार नाही, आणि त्याच्या पोटावर पाय आणण्याची आमची इच्छाही नाही. परंतु सारे होत नाही म्हणून काहीच करू नये, हे तर्कशास्त्र आम्हांस समजत नाही. विहिरीने समुद्र भरत नाही, म्हणून कोणी विहीर बुजवीत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहराचे सर्व रस्ते तुटले. २०२० च्या टाळेबंदीत वाशीचा घाऊक बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. अशा वेळी कोथिंबिरीची एक जुडी किती दूरवरून आणि किती हातांतून येते, हे आपणांस कळले. आणि रस्ते मोकळे होताच आपण ते विसरलो. हाकेच्या अंतरावरील मळा संकटात सर्वांना पुरणार नाही. पण जे लहान मूल, जी बाळंतीण, जो आजारी माणूस त्या दिवशी त्याच्यावर विसंबेल, त्याच्या दृष्टीने तो पुरेसा असेल. आणि एरवी तो आणखी एक गोष्ट करील. अन्न मातीतून येते, पिशवीतून नव्हे, एवढे ज्ञान तो पुढच्या पिढीस रोजच्या रोज देईल. आमच्या वर्गात पुढच्या बाकांवर बसणाऱ्या हुशार मुलांस मेथीचे रोप आणि कोथिंबिरीचे रोप वेगळे ओळखता येत नाही. ही त्यांची चेष्टा नव्हे. त्यांना ते दाखविण्याची सोय या शहराने ठेवली नाही, ही तक्रार आहे.

तिसरा पक्ष आक्षेपकांचा नाही, हौशी मंडळींचा आहे, आणि त्यांच्याशी आमचे भांडण प्रेमाचे आहे. गच्चीवर चार कुंड्यांत टोमॅटो लावावयाचे, त्यांची छायाचित्रे मित्रमंडळीस धाडावयाची, आणि बाजारातून तिप्पट भावाची 'सेंद्रिय' टोपली मागवून पृथ्वीचे ऋण फिटले असे समजावयाचे, हा प्रकार निर्दोष असला तरी निरुपयोगी आहे. आपल्यापुरती शुद्ध टोपली विकत घेणे म्हणजे सोवळेच, फक्त अधिक खर्चाचे. गच्चीचा खरा उपयोग कसा होतो हे पाहावयाचे असेल तर मुंबई बंदराच्या मध्यवर्ती उपाहारगृहाचे उदाहरण आहे. तेथील अधिकारी श्रीमती प्रीती पाटील यांनी २००२ पासून हजारो कामगारांच्या स्वयंपाकाचा ओला कचरा गच्चीवरच कुजवून, त्या मातीत भाज्या आणि फळझाडे वाढविली. त्यामागे कै. प्रा. श्री. अ. दाभोळकरांची शिकवण होती. दाभोळकर गणिताचे अध्यापक. परंतु त्यांनी 'प्रयोग परिवार' स्थापून खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांस स्वतः प्रयोग करावयास आणि एकमेकांस शिकवावयास लाविले, आणि दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब नीट जगू शकते, हे हिशेब मांडून प्रतिपादिले. सांगली-तासगावकडच्या द्राक्षशेतीत या परिवाराचा वाटा मोठा होता. सूर्यप्रकाश किती पडतो, पाने तो किती पकडतात, टाकाऊ काडीकचऱ्यातून माती किती दिवसांत बनते, हे सारे त्यांनी सामान्य माणसाच्या हाती दिले. त्यांची दृष्टी हौसेची नव्हती, स्वावलंबनाची होती. महाराष्ट्रात एवढा पुरुष होऊन गेला आणि महाराष्ट्राच्या राजधानीत ओला कचरा अजून डोंगरावर जाऊन पडतो, याची खंत विद्वानांनी तरी करावी.

बाहेरच्या जगाकडे पाहण्याची आपल्यास सवय आहे, म्हणून दोन उदाहरणे देतो. ज्या इंग्रजांचे साहित्य आम्ही जन्मभर शिकविले त्यांनी १९०८ साली असा कायदा केला की, गावातील सहा मतदारांनी वा करदात्यांनी मागणी केली तर स्थानिक संस्थेने भाजीच्या लागवडीसाठी लहान तुकडे देण्याचा विचार केलाच पाहिजे. तेथील रूढ तुकडा सुमारे अडीच गुंठ्यांचा असतो. लंडनची जमीन काही स्वस्त नाही. दुसरे उदाहरण घरचेच. कलकत्त्याच्या पूर्वेस शहराचे सांडपाणी विस्तीर्ण तळ्यांत सोडून, ऊन आणि शेवाळ यांच्या साहाय्याने ते निवळवून, त्यावर मासे आणि भाजी पिकविण्याची पद्धत तेथील कोळ्यांनी व शेतकऱ्यांनी कित्येक पिढ्यांत घडविली. त्या पाणथळीस २००२ साली रामसरचा दर्जा मिळाला. तेथेही दोष आहेत आणि कारखान्यांच्या पाण्याचे भय आहेच. परंतु बंगाली विद्वान त्या पद्धतीचा अभ्यास करतात, तिच्यासाठी न्यायालयात जातात. आपण आपल्या मळ्यांस शिवी देऊन मोकळे होतो. आणि इतक्या दूर तरी कशास जावयाचे? वसईच्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस भाजी, केळी आणि पाने येत आली. १९८८ च्या सुमारास त्या वाड्यांवर आणि विहिरींवर शहरीकरणाचे संकट आले तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि मराठीचे नामवंत लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. साहित्यिकाने वाडीसाठी रस्त्यावर यावे, हा मराठी भाषेस भूषणावह इतिहास आहे. त्या इतिहासाचा वारसा सांगणाऱ्या आपण 'गटाराची भाजी' म्हणून खिडकी लावून घ्यावी, हे शोभत नाही.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. पहिली: रुळांकाठी, नाल्यांकाठी आणि सार्वजनिक आवारांत जेथे जेथे भाजी होते वा होऊ शकते, तेथील मातीची व पाण्याची सरकारी खर्चाने ठराविक मुदतीने तपासणी व्हावी, आणि निकाल मळ्याच्या तोंडाशी पाटीवर मराठीत लिहावा. दुसरी: जेथे धातूंचा दोष आढळेल तेथे पालेभाजी बंद करून फुले लावावीत, आणि तो दोष सोडणाऱ्या कारखान्यावर खटला भरावा, कसणाऱ्यास मात्र बेघर करू नये. तिसरी: प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा एक लहान हिस्सा मळ्यांसाठी राखावा. चौथी: महापालिकेच्या प्रत्येक विभागात निदान वीस गुंठ्यांचा एक मळा, ग्रंथालय वा उद्यान असावे तसा, नागरी सोय म्हणून असावा, त्यास सभोवतालच्या दोनशे घरांनी ओला कचरा द्यावा आणि भाजीवर पहिला हक्क त्या घरांचा व शेजारच्या वस्तीचा असावा. पाचवी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: जो प्रत्यक्ष कसतो त्याच्या नावाने, निदान पाच वर्षांचा, परवाना असावा. उद्या हुसकले जाऊ या भीतीत जगणारा माणूस माती सुधारीत नाही. तो आजचे पीक काढतो आणि निघून जातो. रुळांकाठच्या शेतीत जे दोष आले त्यांचे निम्मे कारण या अनिश्चिततेत आहे.

यातील एकही मागणी अशक्य कोटीतील नाही. १९५० साली मुंबईत सामील होण्यापूर्वी घाटकोपर-किरोळची स्वतःची नगरपालिका होती, आणि या भागात शेते आणि मिठागरे होती. आज तेथे शेत परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. गेलेला काळ हाका मारून येत नाही. पण पाणी येथे आहे, खत येथे आहे, राबणारे हात येथे आहेत आणि खाणारी तोंडेही येथेच आहेत. या चार गोष्टी एकमेकांपासून चार कोसही दूर नाहीत. त्यांच्यामध्ये आडवी येते ती केवळ आपली सोवळी वृत्ती, जी घाण करण्यास लाजत नाही, पण घाणीतून काही उगवणाऱ्याचा विटाळ मानते.

सावता महाराजांनी अरणच्या आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, असे आपण कीर्तनातून ऐकतो आणि माना डोलावतो. त्यांच्या नावाने माना डोलावणाऱ्यांनी पुढच्या खेपेस बाजारात पालकाची जुडी हातात घेतली म्हणजे विकणाऱ्या बाईस 'ही गटाराची तर नाही ना?' असे विचारण्याआधी आपल्या सोसायटीच्या चिटणिसास विचारावे की, आपले सांडपाणी कोठे जाते आणि आपला ओला कचरा कोठे पडतो. उत्तर मिळाले नाही तर ते मिळेपर्यंत विचारीत राहावे. ज्या दिवशी घाटकोपरातील शंभर घरे हा प्रश्न विचारू लागतील, त्या दिवशी रुळांकाठचा मळा शुद्ध होण्यास प्रारंभ होईल.